ऑपेराचा कंडक्टर नेमकं करतो काय? फ्रिट्झ बुशची कारकीर्द

वाद्यवृंदाच्या मैफलीत कंडक्टर, म्हणजे वादकांचा संचालक, निदान दिसतो तरी. ऑपेरात, म्हणजे गाऊन केलेल्या नाटकात, तो रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत, सगळे जिला ‘पिट’ म्हणतात तिथे, वादकांच्या घोळक्यात उभा असतो. प्रेक्षकांना फार तर त्याच्या डोक्याचा मागचा भाग आणि मधूनच वर येणारी बॅटन, म्हणजे हातातली छडी, दिसते. वादकांपुढे स्वरलिपी मांडलेली आहे, गायकांचं सगळं पाठ आहे, मग हा माणूस नसता तर काय अडलं असतं? पहिल्यांदा ऑपेरा पाहणाऱ्याला हा प्रश्न पडतोच, आणि तो चुकीचा नाही.

उत्तर मात्र प्रयोगाच्या रात्री शोधून पुरतं सापडत नाही. ते तालमींमध्ये असतं, गायकांच्या निवडीत असतं, नाट्यगृह कसं चालतं त्यात असतं. म्हणून एका माणसाची कारकीर्द समोर ठेवून ते समजून घेऊ. हा माणूस म्हणजे जर्मन कंडक्टर फ्रिट्झ बुश (१८९०–१९५१). फुर्टवेंगलर किंवा कारायान यांच्याइतकं हे नाव आज कानावर पडत नाही. मला ते सोयीचंच वाटतं, कारण फार मोठ्या नावांभोवती दंतकथा इतक्या दाटतात की प्रत्यक्ष काम दिसेनासं होतं. बुशचं काम दिसतं. शिवाय त्याच्या हातातली संस्था एका संध्याकाळी हिसकावून घेतली गेली आणि त्यानं तेच काम दुसऱ्या देशात, अगदी वेगळ्या ठिकाणी नव्यानं उभं केलं. त्यामुळे कंडक्टरचं स्वतःचं काय आणि संस्थेचं काय, हे त्याच्या बाबतीत वेगवेगळं करून पाहता येतं.

पिटात उभं राहून काय करायचं असतं

ऑपेरात माईक नसतो. गायक रंगमंचावर, तेही सतत हालचाल करत. साठ-सत्तर वादक खाली पिटात. कोरस, म्हणजे समूहगायकांचा ताफा, कधी मागच्या बाजूला तर कधी पडद्याआड. रंगमंचाच्या टोकापासून पिटातल्या शेवटच्या वादकापर्यंत वीस मीटर अंतर असलं, तर आवाज पोचायला सेकंदाचा साधारण सतरावा भाग लागतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण एका सेकंदात आठ स्वर जाणारी जलद ओळ असेल, तर तेवढ्यात जवळजवळ अर्धा स्वर निघून गेलेला असतो. कानावर भरवसा ठेवून वाजवणारा वादक त्या हिशोबानं कायम मागे राहतो. म्हणून सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल अशी एकच खूण लागते. बॅटनचा पहिला उपयोग हा.

आपल्या संगीत नाटकात पद रंगलं की ऑर्गन आणि तबला गायकाच्या मागोमाग जातात. गायकानं तान लांबवली, तर साथीदार सांभाळून घेतात, ‘वन्स मोअर’ आला तर पुन्हा सुरू करतात. दोघातिघांना ते जमतं. सत्तर जणांना जमत नाही. तिथे गायिका श्वास कुठे घेणार, तेव्हा व्हायोलिनं किती थांबणार, ट्रम्पेट किती दबून वाजणार, हे आधी ठरलेलं असावं लागतं, आणि ऐन वेळी गायिकेचा श्वास कमी पडला तर तो निर्णय त्या क्षणी बदलणाराही कुणीतरी लागतो.

हे झालं कारागिराचं काम. त्याच्यावरचं काम गतीचं. अडीच-तीन तासांच्या ऑपेरात पन्नासेक वेगवेगळ्या लयी येतात. प्रत्येक लय सुटी सुटी बरोबर असून भागत नाही; आधीच्या प्रवेशातून पुढचा प्रवेश निघाल्यासारखा वाटला पाहिजे. पहिल्या अंकाच्या शेवटीच सगळा जोर खर्च झाला, तर तिसऱ्या अंकाला काही उरत नाही. हा हिशोब ज्याच्या डोक्यात पूर्ण आहे असा माणूस त्या इमारतीत बहुधा एकच असतो.

जर्मन गावं आणि त्यांची थिएटरं

बुश घडला कसा, हे कळायला जर्मनीतली एक गोष्ट माहीत असावी लागते. १८७१ साली एकत्र येण्याआधी जर्मनी म्हणजे अनेक लहानमोठी संस्थानं होती, आणि बऱ्याच राजांना स्वतःचं दरबारी नाट्यगृह हवं असे. १९१८ साली राजे गेले, नाट्यगृहं राहिली. ती राज्यांनी आणि नगरपालिकांनी चालवायला घेतली. त्यामुळे मध्यम आकाराच्या गावातसुद्धा पगारी वाद्यवृंद, पगारी कोरस, वर्षभराच्या करारावरचे गायक आणि आलटून-पालटून होणारे वेगवेगळे ऑपेरा अशी व्यवस्था आढळते. आजही आढळते.

या व्यवस्थेत कंडक्टर व्हायची शिडी ठरलेली होती. सुरुवात पियानोपासून. गायकांना त्यांच्या जागा पियानोवर वाजवून पाठ करून घ्यायच्या, पडद्याआडच्या कोरसला इशारे द्यायचे, एखाद्या रविवारी दुपारी हलकाफुलका ऑपेरेटा सांभाळायचा. मग लहान गावात दुय्यम कंडक्टर, मग मोठ्या गावात मुख्य. या शिडीच्या वरच्या पायरीला जनरल म्युझिकडिरेक्टर म्हणतात. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९९८ ते २००६ म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑपेरात याच पदावर होते. या पदावरचा माणूस फक्त बॅटन हलवत नाही. कुठले गायक घ्यायचे, कुठले ऑपेरा लावायचे, कुणाला किती तालमी मिळतील, यात त्याचा शब्द चालतो.

बुशचा जन्म वेस्टफालियातल्या झीगन गावचा. वडील सुतारकाम आणि व्हायोलिनं बनवण्याचं काम करत, नाचगाण्याच्या कार्यक्रमांत वाजवतही. घर गरीब, पण वाद्यांनी भरलेलं. फ्रिट्झ आणि त्याचा धाकटा भाऊ आडोल्फ लहानपणापासून खानावळींतल्या नाचाच्या रात्रींना साथ करायचे. आडोल्फ पुढे विसाव्या शतकातल्या थोर व्हायोलिनवादकांपैकी एक झाला, आणखी एक भाऊ हेर्मान चेलोवादक. नाचणारे लोक लय चुकली की लगेच थांबतात. फ्रिट्झच्या लयीतला ठामपणा नंतरच्या रेकॉर्डमध्ये ऐकू येतो, त्याचं मूळ मला कॉन्झर्वेटरीपेक्षा, म्हणजे संगीत विद्यालयापेक्षा, या खानावळींत जास्त दिसतं.

कॉन्झर्वेटरी होती कोलोनची, गुरू फ्रिट्झ श्टाइनबाख. ब्राम्सचं संगीत कसं वाजवावं याबाबत त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. तिथून बुश रीगाला गेला. रीगा तेव्हा रशियन साम्राज्यात, पण जर्मन भाषिकांचं नाट्यगृह तिथं होतं. १९१२ साली, बाविसाव्या वर्षी, आखेन शहराचा संगीतप्रमुख. मग पहिलं महायुद्ध आणि सैन्यातली वर्षं. १९१८ साली स्टुटगार्ट ऑपेरा.

स्टुटगार्टमधली एक गोष्ट मला त्याच्या स्वभावाची किल्ली वाटते. १९२१ साली त्यानं पाउल हिंडेमिट या पंचविशीतल्या संगीतकाराचे दोन एकांकी ऑपेरा पहिल्यांदा रंगमंचावर आणले. नेपथ्य ऑस्कार श्लेमरचं. विषय भडक, संगीत कर्कश, शहरात भरपूर गदारोळ. हिंडेमिटचा तिसरा एकांकी ऑपेरा मात्र त्यानं करायला नकार दिला. मठातल्या जोगिणींवरचा तो विषय त्याला पटला नाही. म्हणजे नव्याला घाबरणारा नाही, पण नव्याच्या मागे डोळे मिटून धावणाराही नाही. ही वृत्ती शेवटपर्यंत टिकली.

ड्रेस्डेन: अकरा वर्षं

१९२२ साली बत्तिसाव्या वर्षी बुश ड्रेस्डेन स्टेट ऑपेराचा प्रमुख झाला. इथला वाद्यवृंद १५४८ पासून चालत आलेला, वेबर आणि वाग्नर या संगीतकारांनी स्वतः चालवलेला. संगीतकार रिखार्ड स्ट्राउसचे ‘सालोमे’, ‘एलेक्ट्रा’ आणि ‘रोझेनकाव्हलियर’ हे तीनही ऑपेरा इथंच, एर्न्स्ट फॉन शूख याच्या हाताखाली, पहिल्यांदा झाले होते. अशा जागी येणाऱ्यासमोर दोन वाटा असतात: असलेली कीर्ती सांभाळायची, किंवा तिच्या जोरावर काही नवं करायचं.

बुशनं नवं केलं, आणि किती केलं ते पाहण्यासारखं आहे. १९२४ मध्ये स्ट्राउसचा ‘इंटरमेत्झो’. १९२५ मध्ये फेरुच्चो बुझोनीचा ‘डॉक्टर फाउस्ट’. बुझोनी तो अर्धवट ठेवूनच वारला होता आणि शिष्य फिलिप यार्नाखनं तो पुरा केला होता. १९२६ मध्ये एकाच वर्षात कुर्ट वाइलचा पहिलाच ऑपेरा ‘डेर प्रोटागोनिस्ट’ आणि हिंडेमिटचा ‘कार्डिलाक’. १९२८ मध्ये पुन्हा स्ट्राउस, ‘इजिप्तची हेलेना’.

नवा ऑपेरा पहिल्यांदा करणं म्हणजे काय? ज्या कागदावरचं संगीत कुणीही, अगदी संगीतकारानंही, प्रत्यक्ष ऐकलेलं नाही, तो कागद वाचून त्यातला आवाज डोक्यात उभा करणं. एखाद्या जागी सगळी पितळी वाद्यं जोरात लिहिली आहेत आणि त्याच वेळी नायिका खालच्या पट्टीत गाते आहे. तिचा शब्द कुणाला ऐकू जाणार नाही. हे पहिल्या तालमीच्या आधी कळलं तर दुरुस्त करता येतं, रंगीत तालमीत कळलं तर उशीर झालेला असतो. ‘इंटरमेत्झो’ हा स्ट्राउसनं स्वतःच्याच संसारातल्या भांडणावर लिहिलेला ऑपेरा. त्यात नवराबायको बोलल्यासारखं भराभर गातात, आणि शब्द कळला नाही तर गंमतच संपते. म्हणून तो मोठ्या ऑपेरागृहात न करता ड्रेस्डेनच्या लहान नाट्यगृहात केला गेला. लहान जागेत शब्द, अभिनय आणि संगीत यांचा तोल किती वेगळा साधतो, हे बुशनं दहा वर्षांनी इंग्लंडमध्ये पुन्हा दाखवलं.

दुसरं मोठं काम इटालियन संगीतकार व्हर्दीचं. तेव्हाच्या जर्मनीत व्हर्दीच्या मधल्या काळातल्या ऑपेरांना लोक जरा नाक मुरडत. सुरावटी गोड, बाकी काही नाही, अशी समजूत. बुशनं १९२६ साली ‘ला फोर्झा देल देस्तिनो’ लेखक फ्रान्झ व्हेर्फेलनं नव्यानं बेतलेल्या जर्मन रूपात केला, आणि १९२८ साली ‘मॅकबेथ’. लयी बारकाईनं पाळल्या, स्वरलिपीत जे हळू लिहिलंय ते हळूच वाजवून घेतलं. यातून जर्मनीत व्हर्दीकडे नव्यानं पाहण्याची एक लाटच आली. याबाबतीत इटालियन कंडक्टर टोस्कानिनी त्याचा आदर्श होता.

जर्मन नाट्यगृहांच्या व्यवस्थेची ताकद १९२६ च्या उन्हाळ्यात दिसली. पुच्चिनीचा ‘तुरांदोत’ त्याच एप्रिलमध्ये मिलानला पहिल्यांदा झाला होता; जुलैत ड्रेस्डेनला त्याचा जर्मनीतला पहिला प्रयोग होता आणि मुख्य टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा नायक, आजारी पडला. रिखार्ड टाउबर या गायकानं ती अवघड भूमिका काही दिवसांत बसवून प्रयोग पार पाडला.

पण त्याच व्यवस्थेचा तोटाही मोठा होता. रोज वेगळा ऑपेरा म्हणजे जुन्या प्रयोगांना तालीमच नाही. आज एक गायक, उद्या त्याच्याजागी दुसराच कुणी. दोघं कुठं उभे राहतात तेही वेगळं. गायकांना पाहुणा म्हणून बाहेर जास्त पैसे मिळत, मग ते रजेवर. बुशनं या गोष्टीशी अकरा वर्षं झगडा केला आणि तो कधीच पुरता जिंकला नाही.

मधल्या काळात १९२४ साली बायरॉइट या गावचं काम झालं. महायुद्धामुळे दहा वर्षं बंद राहिलेला वाग्नर महोत्सव पुन्हा सुरू झाला, तो बुशच्या ‘मायस्टरझिंगर’नं. प्रयोग संपल्यावर प्रेक्षक उभे राहून जर्मन राष्ट्रगीत गाऊ लागले. पुढच्या वर्षी बुश तिथे नव्हता.

७ मार्च १९३३

जर्मन कंडक्टर सरकारी पगारावर असतो. एरवी ही चांगलीच गोष्ट: तिकीटविक्री पडली म्हणून त्याला सोपे, लोकप्रिय ऑपेराच करत बसावं लागत नाही. पण सरकार बदललं की त्याचा हात थेट पिटापर्यंत पोचतो.

बुश ज्यू नव्हता. तो कुठल्या डाव्या पक्षातही नव्हता. नाझींना तो नकोसा होता तो इतर कारणांनी: ज्यू आणि परदेशी कलाकारांना काम देतो, पक्षाबद्दल तुच्छतेनं बोलतो, पगार आणि रजा जास्त घेतो. ५ मार्च १९३३ ला निवडणूक झाली. दोन दिवसांनी, ७ तारखेला, ड्रेस्डेनला ‘रिगोलेत्तो’चा प्रयोग होता. बुश पिटात येताच सभागृहात बसलेल्या नाझी स्वयंसेवकांनी आरडाओरडा सुरू केला: बुश चालता हो. तो थोडा वेळ थांबला, मग निघून गेला. त्या रात्रीचा ‘रिगोलेत्तो’ दुसऱ्या कंडक्टरनं पुरा केला. बुशच्या सहकाऱ्यांपैकी काहींनी पुढे त्याच्याविरुद्धच्या निवेदनावर सह्याही केल्या. अकरा वर्षांच्या तालमींतून बांधलेलं घर असं गेलं.

स्ट्राउसनं नवा ऑपेरा ‘अराबेला’ बुशला आणि ड्रेस्डेनचा व्यवस्थापक आल्फ्रेड रॉइकर याला अर्पण केला होता. रॉइकरलाही काढलं. स्ट्राउसनं आधी ऑपेरा मागे घ्यायची भाषा केली, मग नमला, आणि १ जुलैला क्लेमेन्स क्राउस याच्या संचालनाखाली तो ड्रेस्डेनलाच झाला.

इथे बुशला संतपद देऊन मोकळं व्हायचा मोह होतो, पण घटनाक्रम तितका सरळ नाही. नाझी नेता ग्योरिंगशी त्याचं बोलणं झालं होतं, आणि सुरुवातीला बर्लिनमध्ये एखादं मोठं पद मिळेल अशी आशा त्यानं धरली होती, असं काही इतिहासकार मांडतात. दुसरीकडे, टोस्कानिनीनं निषेध म्हणून बायरॉइटला यायचं नाकारल्यावर ती जागा बुशपुढे आली, ती त्यानं घेतली नाही. माझ्या मते पहिल्या काही आठवड्यांतल्या घालमेलीपेक्षा पुढची बारा वर्षं जास्त बोलतात. परतायची दारं त्याला उघडी होती, आणि नाझी सत्ता असेपर्यंत त्यानं जर्मनीत पुन्हा काम केलं नाही. भाऊ आडोल्फचं वागणं आणखी स्वच्छ. तो आधीपासून स्वित्झर्लंडमध्ये राहत होता. त्याचा पियानोसाथीदार आणि पुढे जावई झालेला रुडॉल्फ झेर्किन ज्यू होता. एप्रिल १९३३ मध्येच आडोल्फनं जर्मनीतल्या सगळ्या मैफली रद्द केल्या.

फ्रिट्झ आधी ब्वेनोस आयरेसच्या तेआत्रो कोलोन या ऑपेरागृहात गेला. १९३६ साली त्यानं अर्जेंटिनाचं नागरिकत्वही घेतलं. कोपनहेगनच्या रेडिओ वाद्यवृंदाशी त्याचं नातं याच काळात जुळलं आणि शेवटपर्यंत राहिलं. पण त्याचं नाव आज ज्याच्यामुळे टिकून आहे ते घडलं दक्षिण इंग्लंडमधल्या एका शेताडीत.

ग्लाइंडबोर्न: वेळ मिळाला तर काय होतं

ससेक्स परगण्यातला जमीनदार जॉन क्रिस्टी याला आपल्या वाड्याला लागून ऑपेरागृह बांधायचं होतं. त्याची बायको ऑड्री मिल्डमे व्यावसायिक गायिका होती. क्रिस्टीला वाग्नरची ओढ; पण जेमतेम तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात वाग्नरचा वाद्यवृंद मावणार कुठे? ठरलं मोत्सार्ट. कंडक्टर म्हणून बुशचं नाव पुढे आलं ते आडोल्फच्या इंग्लंडमधल्या ओळखींतून. बुशनं सोबत दिग्दर्शक कार्ल एबर्टला आणलं. त्यालाही नाझींनी बर्लिनच्या ऑपेरातून काढलेलं होतं, आणि १९३२ साली बर्लिनला दोघांनी मिळून केलेला व्हर्दीचा ‘उन बाल्लो इन मास्केरा’ गाजलेला होता. व्यवस्थापनाला पुढे रुडॉल्फ बिंग आला. तोही जर्मनीतून बाहेर पडलेला, जन्मानं व्हिएन्नाचा.

बुश आणि एबर्ट यांची अट एकच, पण महागडी: कलेच्या बाबतीत आमचा शब्द शेवटचा, आणि तालमींना हवा तेवढा वेळ. क्रिस्टीनं ती मानली. २८ मे १९३४ ला ‘फिगारोचं लग्न’ या ऑपेरानं नाट्यगृह उघडलं, दुसऱ्या रात्री ‘कोझी फान तुत्ते’.

जर्मनीत ऑपेरा जर्मनमध्ये होत; इथं मूळ इटालियनमध्ये. गायक जर्मन, फिनिश, ऑस्ट्रियन, इंग्रज, अमेरिकन असे सगळीकडचे. त्यांतले थोडेच मोठ्या नावाचे. बुशला मोठी नावं नकोच होती. सगळे तिथंच राहतात, रोज एकत्र बसतात, त्याच सहा-सात जणांबरोबर तोच प्रवेश पुन्हा पुन्हा करतात, हे त्याला हवं होतं. ड्रेस्डेनला जे अकरा वर्षांत पुरतं मिळालं नव्हतं, ते इथं पहिल्याच हंगामात मिळालं.

याचा परिणाम कुठे ऐकू येतो ते सांगायला ‘फिगारो’च्या दुसऱ्या अंकाचा शेवट घेऊ. साधारण वीस मिनिटं, मध्ये एकही थांबा नाही. सुरुवातीला दोघंच: काउंट आणि त्याची बायको. बायकोनं कपाटखोलीत कुणाला तरी लपवलंय असा काउंटला संशय, त्यामुळे लय जलद आणि रागीट. दार उघडतं आणि आतून येते दासी सुझाना. संगीत एकदम मंद, जवळजवळ निरागस. काउंटची फजिती. आता तिघं. मग फिगारो येतो, चौघं, लय उसळती. काउंट एक चिठ्ठी काढून त्याला कोंडीत पकडतो, पुन्हा संथ. मग माळीबुवा तक्रार घेऊन धडकतो, वरच्या सज्जातून कुणीतरी माझ्या कुंड्यांवर उडी मारली म्हणून. पाच जण, गोंधळ. माळी जातो न जातो तोच फिगारोच्या विरोधातले तिघं आत येतात, एकूण सात जण, प्रत्येकाचे शब्द वेगळे, आणि शेवटाकडे मोत्सार्ट लय एकदा वाढवतो, मग पुन्हा वाढवतो.

कंडक्टरची परीक्षा पहिल्या मिनिटातच आहे. काउंटच्या रागाला भुलून लय फार जलद धरली, तर शेवटच्या दोन पायऱ्यांना वाढायला जागा उरत नाही. फार सावध धरली, तर रागच खरा वाटत नाही. मधल्या संथ जागांत हात सैल सुटला, तर प्रेक्षक गोष्टीतून बाहेर पडतात. आणि शेवटी सात जण एकाच वेळी गात असताना प्रत्येकाचं म्हणणं वेगळं ऐकू आलं पाहिजे. हे बॅटनच्या जोरावर त्या रात्री घडवता येत नाही. सातही जणांनी एकमेकांचे श्वास ओळखलेले असावे लागतात, आणि ते फक्त तालमीत होतं. बुशच्या ‘फिगारो’त हे सगळं बसलेलं आहे. पकड कुठंच सुटत नाही, तरी घाई केल्यासारखं वाटत नाही.

एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीनं इथले तीन ऑपेरा तबकड्यांवर उतरवले: ‘फिगारो’ १९३४–३५ मध्ये, ‘कोझी’ १९३५ मध्ये आणि ‘डॉन जोव्हानी’ १९३६ मध्ये. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावत. म्हणजे वर सांगितलेली वीस मिनिटं तुकड्या-तुकड्यांनी ध्वनिमुद्रित करायची, आणि प्रत्येक तुकडा आधीच्या लयीला बरोबर जोडला गेला पाहिजे. मोत्सार्टचे हे ऑपेरा जगभर घरी बसून ऐकता येऊ लागले ते या संचांमुळे.

आजच्या कानांना त्यांत खटकणाऱ्या गोष्टी आहेत. मोत्सार्टच्या काळात ओळीच्या शेवटी गायक वरच्या स्वरावरून टेकत खाली येत. बुश ते गाळून लिहिलेला स्वर सरळ गायला लावतो. त्याचं कारण त्याच्या पिढीची श्रद्धा: कागदावर आहे तेच खरं. मला काही ठिकाणी ते कोरडं वाटतं. पण त्याच श्रद्धेमुळे आधीच्या पिढीचा गुळचटपणा गेला, हेही खरं.

१९३८ साली ग्लाइंडबोर्नला त्यानं व्हर्दीचा ‘मॅकबेथ’ केला, इंग्लंडमध्ये व्यावसायिक रंगभूमीवर पहिल्यांदाच. १९३९ नंतर युद्धामुळे महोत्सव थांबला.

पुढची वर्षं भरभर सांगता येतील. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यू ऑपेरा कंपनीबरोबर ‘कोझी’ आणि ‘मॅकबेथ’. ब्वेनोस आयरेसचे हंगाम. नोव्हेंबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचा हंगाम त्यानं ‘लोहेनग्रिन’नं उघडला आणि १९४९ पर्यंत तिथं काम केलं. मेट्रोपोलिटन म्हणजे प्रचंड सभागृह, मोठी नावं आणि तुटपुंज्या तालमी. तिथल्या कामात वाईट काही नाही, पण ग्लाइंडबोर्नसारखं काही तिथं घडलंही नाही, आणि मला यात नवल वाटत नाही.

१९५० मध्ये तो ग्लाइंडबोर्नला परतला. १९५१ च्या फेब्रुवारीत जर्मनीत जाऊन कोलोन रेडिओसाठी ‘उन बाल्लो इन मास्केरा’ केला. त्यात तरुण डीट्रिख फिशर-डीस्काउ गायला आहे. त्याच उन्हाळ्यात ग्लाइंडबोर्नला मोत्सार्टचा ‘इदोमेनेओ’. १७८१ साली लिहिलेला हा ऑपेरा इंग्लंडमध्ये व्यावसायिक पातळीवर कुणी केलाच नव्हता. सेना युरिनाच आणि रिचर्ड ल्युइस त्यात होते, आणि एलेक्ट्राच्या भूमिकेत स्वीडनबाहेर फारशी कुणाला माहीत नसलेली बिर्गिट निल्सन. मग एडिंबरा महोत्सवात ‘ला फोर्झा’ आणि ‘डॉन जोव्हानी’. १४ सप्टेंबर १९५१ ला लंडनमध्ये बुश वारला, एकसष्टाव्या वर्षी. पुढच्या वर्षी आडोल्फही गेला. बिंग तेव्हा मेट्रोपोलिटनचा प्रमुख झालेला होता आणि १९७२ पर्यंत राहिला. ग्लाइंडबोर्नचा महोत्सव आजही दर उन्हाळ्यात होतो.

ऐकायचं असेल तर ‘फिगारो’पासून सुरुवात करा, आणि सगळा ऐकत बसू नका. दुसऱ्या अंकाचा शेवट लावा आणि कोण कधी येतं तेवढंच मोजा. इटालियन येत नसलं तरी आवाजांवरून कळतं. मग ‘डॉन जोव्हानी’कडे जा. त्यात गाण्यांच्या मधल्या बोलल्यासारख्या भागांना हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या वाद्याऐवजी साधा पियानो वाजतो. पहिल्यांदा जरा विचित्र वाटेल. चार-पाच मिनिटांत कान सरावतो.